दोन आघाडीचे खेळाडू

दौंडाहून सुटलेली गाडी पाटस, केडगांव, यवत, उरुळी हीं स्टेशनें एकामागून एक मागें टाकीत पुण्यास येते. आणि तिला पुढें मुंबईस जावयाचें असलें म्हणजे शिवाजीनगर सोडल्यावर थोड्याच वेळांत ती खडकीवरून जाते. शिरूरच्या माणसाच्या नशिबीं ही गाडी नाहीं. त्याला घोडनदीचा कांठ सोडून रांजणगांव, शिक्रापूर, कोरेगांव, वाघोली असा नगर रस्ता धरूनच पुणें गांठावें लागतें. पुण्याच्या पूर्वेकडील ह्या दोन तालुक्यांतून येणाऱ्या दोन्ही वाटा पुण्यांत एकत्र येतात, आणि पुण्यापलीकडे जेथें लष्करी बराकी, दारूगोळ्याचे कारखाने व मोकळीं मैदानें लागतात, त्या खडकींत १६ जुलै १९६८ रोजीं एका मुलाचा जन्म झाला. त्याचे वडील मैदानाची निगा राखण्याचें काम करीत. मुलाचें नांव धनराज पिल्ले.

त्याच्या आधीं चार वर्षें, ३० जुलै १९६४ रोजीं, जर्मनीच्या दक्षिण भागांतील गोपिंगेन ह्या गांवीं एका बेकरीवाल्याच्या घरीं दुसऱ्या एका मुलाचा जन्म झाला होता. त्याचें नांव युर्गेन क्लिन्समन. एक हॉकी खेळला, दुसरा फुटबॉल. एकाचें घर तामिळ बोलणारें आणि गल्ली मराठी बोलणारी. दुसऱ्याची भाषा जर्मन. तरीही ह्या दोघांचीं चरित्रें शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्याजोगीं आहेत. दोघेही आघाडीचे खेळाडू, दोघेही सामान्य परिस्थितींतून वर आलेले, दोघेही मनांत येईल तें बोलून टाकणारे. आणि स्टुटगार्ट शहराचें नांव दोघांच्याही कारकीर्दींत येतें. खेळाडू कसा घडतो, व तो घडत असतां त्याच्या भोंवतालचा समाज काय करीत असतो, हा प्रश्न ह्या दोन चरित्रांतून जितका स्पष्ट होतो तितका तो एकेकट्या चरित्रांतून होत नाहीं.

प्रथम आघाडीच्या खेळाडूचें काम काय, तें थोडक्यांत पाहूं. अकरा गड्यांपैकीं दहाजणांनीं केलेल्या मेहनतीचें फळ पदरांत पाडून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. बचाव करणाऱ्याची चूक पुष्कळदां झांकली जाते. आघाडीच्या खेळाडूची चूक मात्र हजारों डोळ्यांदेखत होते. फुटबॉलमध्यें गोलाच्या दोन खांबांत ७.३२ मीटर अंतर असतें; हॉकींत तें ३.६६ मीटर, म्हणजे बरोबर निम्में. शिवाय फुटबॉलमध्यें कोठूनही मारलेला चेंडू जाळ्यांत गेला तर गोल होतो; हॉकींत मात्र गोलासमोर आंखलेल्या वर्तुळाच्या आंत आघाडीच्या बाजूच्या खेळाडूची काठी चेंडूला लागलेली असावी लागते. म्हणून हॉकीच्या आघाडीवाल्याला बचावाची भिंत फोडून आंत शिरल्यावांचून गत्यंतर नसतें. एक गोष्ट मात्र त्याच्या सोयीची झाली. फुटबॉलमध्यें ‘ऑफसाइड’चा नियम कायम राहिला, हॉकींत तो १९९० नंतरच्या दशकांत काढून टाकण्यांत आला, आणि धनराजसारख्या वेगवान खेळाडूंना मैदान अधिक मोकळें झालें.

हे दोन्ही खेळ आपल्याकडे आले ते इंग्रजी अंमलाबरोबर. ते प्रथम शाळांतून आले नाहींत, तर छावण्यांतून आणि रेल्वेच्या वसाहतींतून आले. पुणें जिल्ह्यांत ह्या दोन्ही गोष्टींची वाण नव्हती. शिरूर येथें एकोणिसाव्या शतकांत घोडदळाची छावणी होती. ‘पूना हॉर्स’ ह्या प्रसिद्ध पलटणीचें नातें त्या गांवाशीं जडलेलें आहे. दौंड हें रेल्वेचें ठाणें. १८७८ सालीं दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यापासून त्या जंक्शनाचें महत्त्व वाढलें, आणि रेल्वेच्या नोकरवर्गाची मोठी वस्ती तेथें झाली. खडकी तर दारूगोळ्याचें व लष्कराचें गांव. गोऱ्या शिपायाला संध्याकाळीं विरंगुळा म्हणून जें मैदान लागत असे, तेंच पुढें हिंदी शिपायाचें, कारकुनाचें, कामगाराचें व त्याच्या मुलांचें झालें. खडकीच्या मैदानांतून ऑलिंपिकपर्यंत जाणारा खेळाडू निघाला, त्यामागें हा इतिहास आहे.

धनराजच्या वडिलांचें नांव नागलिंगम. आयुधांच्या कारखान्याच्या वसाहतींत त्यांचें बिऱ्हाड होतें. पगार तुटपुंजा, आणि घरांत पांच मुलगे. ह्या पांचांनाही हॉकी खेळूं देणारी, किंबहुना खेळा म्हणून सांगणारी, त्यांची आई आंडाळम्मा होती. नवी काठी विकत घेण्याची ऐपत नव्हती. मोठ्या खेळाडूंनीं टाकून दिलेल्या मोडक्या काठ्या दोरीनें आवळून बांधावयाच्या आणि फेंकून दिलेले चेंडू वेंचून आणावयाचे, असा त्या भावांचा क्रम असे. बांधलेल्या काठीनें खेळणाऱ्याला जोराचा फटका मारून चालत नाहीं. चेंडू काठीजवळ ठेवावा लागतो, मनगट वळवावें लागतें, आणि उरलेलें काम पायांवर सोंपवावें लागतें. पुढें जगानें ज्या धांवेचें व ज्या चेंडूवरील ताब्याचें कौतुक केलें, त्यांचा पाया असा घातला गेला असावा. महंमद शाहिद हा त्या काळचा विलक्षण आघाडीवाला धनराजचें दैवत होता.

क्लिन्समनचें बालपण गरिबीचें नव्हतें, पण कष्टाचें होतें. बेकरीच्या घरीं पहांटेच्या आधींच दिवस उजाडतो. गिंगेन ह्या लहानशा गांवाच्या क्लबांत तो आठव्या-नवव्या वर्षीं खेळूं लागला, आणि एका सामन्यांत त्यानें एकट्यानें १६ गोल केल्याची नोंद आहे. ह्यांतील ‘नोंद आहे’ हे शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावेत. त्यांचा उपयोग पुढें पडणार आहे. १९७८ मध्यें त्याच्या आईवडिलांनीं स्टुटगार्ट शहराच्या बोटनांग भागांत बेकरी घेतली, आणि मुलगा ‘स्टुटगार्टर किकर्स’ ह्या जुन्या क्लबाच्या कुमार संघांत दाखल झाला. क्लब मिळाला म्हणून वडिलांनीं त्याला धंदा सोडूं दिला नाहीं. बेकरीचें रीतसर शिक्षण त्यानें पुरें केलें. पुढें तो जगप्रसिद्ध झाल्यावरही ‘बेकरीवाल्याचा मुलगा’ हें विशेषण त्याला चिकटून राहिलें. १९८१ ते १९८४ हीं वर्षें तो किकर्सच्या मोठ्या संघांतून दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेंत खेळला, आणि १९८४ मध्यें त्याच शहरांतील ‘फाउएफबी स्टुटगार्ट’ ह्या पहिल्या दर्जाच्या संघानें त्याला घेतलें. १९८७-८८ च्या मोसमांत १९ गोल करून तो जर्मन साखळी स्पर्धेंत पहिला आला.

ह्या चढत्या पायऱ्या पाहिल्या म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. खेड्याचा क्लब, मग जवळच्या गांवाचा क्लब, मग शहराच्या क्लबाचा कुमार संघ, मग दुसरा दर्जा, मग पहिला दर्जा. प्रत्येक पायरीवर पुढची पायरी दिसत होती. मुलानें फक्त चढावयाचें होतें.

धनराजला जिना नव्हता; त्याला भावाचा हात होता. थोरला भाऊ रमेश हा स्वतः उत्तम खेळाडू, आणि तो मुंबईस राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघाकडून खेळत असे. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास धनराज त्याच्याकडे मुंबईस गेला. मुंबईच्या हॉकी साखळीच्या त्या दिवसांत मोठमोठ्या कारखान्यांचे, बँकांचे व रेल्वेचे संघ असत, आणि खेळाडूला खेळाबरोबर पोटाची नोकरीही मिळे. ऑलिंपिकमध्यें खेळलेला जोकिम कार्व्हालो ह्याची नजर ह्या सडपातळ मुलावर पडली, आणि धनराज महिंद्र अँड महिंद्रच्या संघांत आला. तेथून १९८९ सालीं दिल्लीस झालेल्या आशिया चषकाच्या वेळीं त्यानें भारताचा पोशाख प्रथम अंगावर चढविला. खडकीहून दिल्लीस पोंचण्यास त्याला फार वर्षें लागलीं नाहींत. पण त्या वाटेवर भाऊ नसता, किंवा कारखान्याच्या संघांत जागा नसती, तर तो खडकीच्याच एखाद्या कामगार-संघांत खेळून घरीं बसला असता असें म्हणण्यांत अतिशयोक्ति नाहीं.

आतां दोघांच्या ऐन उमेदीच्या वर्षांकडे वळूं. १९९० च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेंत मिलान येथें पश्चिम जर्मनी व हॉलंड ह्यांची गांठ पडली. सामन्याला अर्धा तास होतो न होतो तोंच जर्मनीचा दुसरा आघाडीवाला फ्योलर आणि हॉलंडचा रायकार्ड ह्या दोघांनाही पंचानें मैदानाबाहेर काढलें. आघाडीवर क्लिन्समन एकटा राहिला. त्या दिवशीं तो जो खेळला, तो त्याच्या आयुष्यांतील सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून जाणते सांगतात. तो एकटाच संपूर्ण आघाडी होऊन धांवला. मध्यंतरानंतर पहिला गोल त्यानेंच केला, आणि जर्मनीनें सामना २-१ असा जिंकला. त्या वर्षीं रोम येथें अर्जेंटिनास १-० असें हरवून जर्मनी जगज्जेती झाली. पुढें १९९६ सालीं लंडनच्या वेंब्ली मैदानावर चेक संघास २-१ असें नमवून जर्मनीनें युरोपचें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां क्लिन्समन हा कप्तान होता.

धनराजच्या वांट्यास असा जगज्जेता संघ आला नाहीं. तो आला तेव्हां भारतीय हॉकीचा वैभवकाल सरला होता. १९२८ पासून १९८० पर्यंत आठ वेळां ऑलिंपिकचें सुवर्णपदक जिंकणारा हा देश. पण १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम गालिच्यावर खेळली जाऊं लागली, आणि सगळा हिशेबच बदलला. गवतावर चेंडू अडखळतो, म्हणून तेथें मनगटाचें कौशल्य चालतें. गालिच्यावर चेंडू सुसाट जातो, म्हणून तेथें दमसास, ताकद व शिस्तबद्ध डांवपेंच लागतात. युरोपांत हे गालिचे भराभर पसरले. आपल्याकडे ते मोजके, आणि मुलें मातीवर शिकून एकदम गालिच्यावर उतरत. धनराज चार ऑलिंपिकमध्यें खेळला, आणि त्या चारही वेळां भारताचा क्रमांक अनुक्रमें सातवा, आठवा, सातवा व सातवा लागला. चार विश्वचषक, चार आशियाई क्रीडामहोत्सव, चार चँपियन्स ट्रॉफी स्पर्धा असा त्याचा पल्ला आहे. इतका दीर्घकाळ इतक्या मोठ्या पातळीवर टिकणें ही गोष्ट पदकांच्या मोजदादींत बसत नाहीं.

तरी एक दिवस त्याचाही होता. १९९८ च्या डिसेंबरांत बँकॉक येथें आशियाई क्रीडामहोत्सवांत भारताचा कप्तान धनराज होता. अंतिम सामना दक्षिण कोरियाशीं. चार वर्षांपूर्वीं हिरोशिमा येथें ह्याच कोरियानें अंतिम सामन्यांत भारताला हरविलें होतें. ह्या वेळीं बरोबरी १-१ अशी झाली, आणि निर्णय पेनल्टी स्ट्रोकवर आला. गोलरक्षक आशिष बल्लाळ ह्यानें कोरियाचे फटके अडविले, आणि भारतानें ४-२ असा विजय मिळविला. हॉकीचें हें सुवर्णपदक भारताला ३२ वर्षांनीं मिळत होतें. ह्यापूर्वींचें १९६६ चें सुवर्णही बँकॉक येथेंच मिळालें होतें.

ह्यानंतर जें घडलें तें भारतीय क्रीडाक्षेत्राच्या इतिहासांत अनेकदां सांगितलें गेलें आहे. बँकॉकहून आलेल्या विजयी संघांतील कप्तानासह अनेक खेळाडूंना पुढच्या दौऱ्यासाठीं वगळण्यांत आलें, आणि प्रशिक्षक एम. के. कौशिक ह्यांनाही दूर करण्यांत आलें. कारण म्हणून ‘विश्रांति’ असें सांगण्यांत आलें. पण खेळाडूंच्या भत्त्याबद्दल धनराज उघडपणें बोलला होता हें सर्वांना ठाऊक होतें. धनराजचा स्वभाव तापट. राग आला तर तो लपवीत नसे, आणि डोळ्यांत पाणी आलें तर तेंही लपवीत नसे. पुढें त्याला पुन्हां संघांत घेण्यांत आलें, आणि १९९९-२००० सालचा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कारही त्याला मिळाला. परंतु सुवर्णपदकाच्या दुसऱ्याच महिन्यांत कप्तानाला घरीं बसविणाऱ्या व्यवस्थेबद्दल लोकांच्या मनांत जी अढी बसली, ती सहज गेली नाहीं.

क्लिन्समनही कांहीं मऊ मेणाचा नव्हता. १९९७ च्या मे महिन्यांत बायर्न म्युनिकच्या एका सामन्यांत प्रशिक्षकानें त्याला मधूनच बाहेर बोलाविलें, तेव्हां त्यानें बाजूस उभ्या केलेल्या जाहिरातीच्या मोठ्या पिंपाला लाथ घातली, आणि त्याचा पाय त्या पुठ्ठ्यांत घुसला. सगळ्या जर्मनींत त्याची चर्चा झाली. पण तो पुढेंही खेळत राहिला, आणि जर्मन संघाचें कप्तानपदही त्याच्याकडेच राहिलें. त्याच्या पाठीशीं करार होता, क्लब होता, नियम होते. रागाची किंमत किती द्यावयाची हें तेथें ठरलेलें होतें. आपल्याकडे ती कोणाच्या मर्जीवर ठरते, हा ह्या दोन प्रसंगांतील फरक आहे.

दोघेही परदेशांत पुष्कळ खेळले. क्लिन्समन इटलींतील मिलानच्या इंटर संघांत, मोनॅको येथें आणि १९९४ मध्यें इंग्लंडांतील टॉटनहॅम संघांत गेला. तो मुद्दाम पडून पंचाची दिशाभूल करतो अशी इंग्लंडांत त्याची अपकीर्ति होती. पहिल्याच सामन्यांत गोल केल्यावर त्यानें गवतावर सूर मारून पोटावर घसरत जाऊन आपलीच थट्टा केली, आणि कालपर्यंत त्याला नांवें ठेवणारे प्रेक्षक त्या एका क्षणांत त्याचे झाले. धनराजनें तर पृथ्वीप्रदक्षिणाच केली म्हणावयाची. लंडनचें इंडियन जिमखाना, फ्रान्सचें लिओं, मलेशियांतील संघ, ढाक्याचें आबाहानी, हाँगकाँगचें खालसा, अशा अनेक ठिकाणीं तो खेळला. त्यांतच जर्मनींतील एक हॉकीचा संघ होता. त्याचें नांव स्टुटगार्ट किकर्स. ज्या नांवाच्या क्लबांतून बेकरीवाल्याचा मुलगा फुटबॉलच्या जगांत आला, त्याच नांवाच्या हॉकी क्लबासाठीं खडकीच्या मैदान-राखणदाराचा मुलगा धांवला. मोठमोठ्या योगायोगांनीं चरित्रें सजविण्याची गरज नसते. पण हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

धनराजच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धांत जर्मनीचें नांव पुन्हां येतें. त्याआधीं २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकचा घाव सांगितला पाहिजे. पोलंडविरुद्धचा सामना जिंकला तर उपांत्य फेरी निश्चित होती. भारत १-० असा पुढें होता. खेळ संपावयास दोन मिनिटेंही उरलीं नसतां पोलंडनें बरोबरी केली, आणि भारताची वाट बंद झाली. त्या संध्याकाळीं देशांत किती घरांत जेवणें तशींच राहिलीं असतील तें सांगतां येणार नाहीं. मग २००२ सालीं जर्मनींतील कोलोन येथें चँपियन्स ट्रॉफी स्पर्धा झाली. भारत चौथा आला, पदक हुकलें. परंतु त्या स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती वयाची ३४ वर्षें पुरीं करणाऱ्या धनराजची. जगांतील निवडक सहा संघ, बहुतेक खेळाडू त्याच्याहून दहा-दहा वर्षांनीं लहान, आणि पारितोषिक खडकीकराला! २००३ सालीं कौलालंपूर येथें त्याच्या नेतृत्वाखालीं भारतानें अंतिम सामन्यांत पाकिस्तानास ४-२ असें हरवून आशिया चषक प्रथमच जिंकला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला त्या वेळीं भारताचा प्रशिक्षक एक जर्मन गृहस्थ होता. धनराज संघांत होता, पण त्याच्या वांट्यास मैदानावर फार थोडा वेळ आला, आणि ह्याच ऑलिंपिकनंतर त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

आतां मघांच्या ‘नोंद आहे’ ह्या शब्दांकडे परत येऊं. क्लिन्समन जर्मनीकडून १०८ सामने खेळला व त्यानें ४७ गोल केले. जागतिक स्पर्धांत त्याचे ११ गोल. १९९० मध्यें तीन, १९९४ मध्यें पांच, १९९८ मध्यें तीन. जर्मन साखळी स्पर्धेंत २२१ सामने, ११० गोल. एवढेंच नव्हे, तर नऊ वर्षांचा पोर असतांना खेड्याच्या मैदानांत केलेले १६ गोलही कोणींतरी लिहून ठेवले. धनराज भारताकडून ३३९ सामने खेळला. त्यानें गोल किती केले? त्याचें अधिकृत उत्तर मिळत नाहीं. हॉकी महासंघानें खेळाडूंच्या गोलांची अधिकृत मोजदाद ठेवली नव्हती. त्याच्या स्वतःच्या व जाणकारांच्या अंदाजानें ते १७० हून अधिक होतात. पण अंदाज तो अंदाज.

हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाहीं. ज्या समाजाला आपल्या खेळाडूचे गोल मोजावेसे वाटतात, त्याला तो खेळाडू आपला वाटत असतो. मोजणारा माणूस मैदानाच्या कडेला वही घेऊन बसलेला असतो, म्हणजे तो दर रविवारीं तेथें येत असतो. आणि जेथें मोठीं माणसें दर रविवारीं येतात, तेथें मुलें रोज येतात. वही ही बारीकशी वस्तु दिसते, पण क्लबाचा संसार तिच्यावर चालतो. कोणता मुलगा गेल्या वर्षींपेक्षां पुढें गेला, कोणता मागें पडला, कोणाला पुढच्या पायरीवर धाडावयाचा, हें वही सांगते. आपल्याकडे हें काम एखाद्या रमेशच्या बंधुप्रेमावर व एखाद्या कार्व्हालोच्या पारखी नजरेवर सोंपविलें जातें. ज्यांना असा भाऊ नाहीं व असा पारखी भेटला नाहीं, त्यांची संख्या कोण सांगणार?

जर्मनी व भारत ह्यांचा हॉकींतील हिशेब जुना आहे. १५ ऑगस्ट १९३६ रोजीं बर्लिन येथें ध्यानचंदच्या संघानें जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. हरलेल्यांनीं मात्र धडा घेतला. गांवोगांव क्लब, मुलांचे संघ, नोंदी, आणि पुढें गालिच्याचीं मैदानें ह्यांच्या बळावर त्यांनीं १९७२ मध्यें व नंतर १९९२, २००८ आणि २०१२ मध्यें सुवर्णपदकें मिळविलीं. भारताला १९८० नंतर ऑलिंपिक पदकासाठीं ४१ वर्षें थांबावें लागलें. ५ ऑगस्ट २०२१ रोजीं तोकियो येथें कांस्यपदक मिळालें, तें जर्मनीलाच ५-४ असें हरवून. आणि २०२४ सालीं पॅरिस येथें उपांत्य सामन्यांत जर्मनीकडून हरल्यावरही स्पेनला नमवून भारतानें तें पुन्हां मिळविलें. फुटबॉलमध्यें आपली मजल अजून दूर आहे. तरी २०१७ सालीं भारतांत झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेंत भारताच्या आघाडीवर कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, हें महाराष्ट्रानें विसरूं नये. तो पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनींत शिकला, म्हणजे त्याच्यासाठीं एक पायरी आधींच बांधलेली होती.

शिरूर व दौंड ह्या तालुक्यांचा ह्या गोष्टीशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, जेथें हे खेळ प्रथम आले अशा छावणीच्या व रेल्वेच्या गांवांपैकींच हीं दोन गांवें आहेत. ह्या तालुक्यांतील मुलांच्या पायांत जोर नाहीं असें कोण म्हणेल? भीमेच्या व घोडनदीच्या कांठचीं मुलें कुस्ती, कबड्डी, खोखो ह्यांत मागें नाहींत. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाची छावणी आहे, रेल्वेची वसाहत आहे. शिरूर तालुक्यांत रांजणगांव येथें मोठे कारखाने उभे राहिले, दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें उभे राहिले. मुंबईच्या कारखान्यांनीं एके काळीं संघ बाळगले म्हणून धनराजला नोकरी मिळाली आणि खेळही मिळाला. कारखाना आतां आपल्या दारीं आला आहे. त्याच्या आवाराशेजारीं एक मैदान, त्या मैदानाला पाणी घालणारा व रूळ फिरविणारा एक माणूस, आणि कडेला वही घेऊन बसणारा एक शिक्षक, एवढें झालें तर त्याला फार मोठा खर्च नाहीं.

खेळाडूंच्या पुतळ्यांना हार घालणें सोपें असतें. पण धनराजच्या चरित्रांत सर्वांत प्रथम जो माणूस दिसतो तो खेळाडू नाहीं, प्रशिक्षक नाहीं, पुढारी नाहीं. तो सकाळच्या उन्हांत मैदानावरचे खडे वेंचणारा, उंचसखल जागा सपाट करणारा, चुन्याच्या रेघा ओढणारा नागलिंगम आहे. त्याच्या मुलांना काठी विकत मिळाली नाहीं, पण मैदान मिळालें. कारण तें मैदान त्यांच्या बापानें राखलेलें होतें. दौंडाच्या गाडीनें किंवा नगर रस्त्याच्या मोटारीनें पुण्यास येणाऱ्या एखाद्या मुलाला उद्यां पुण्याच्या पलीकडे, मुंबईस, दिल्लीस, किंवा स्टुटगार्टपर्यंत जावयाचें असेल, तर त्याच्या गांवांत आज मैदान कोण राखतो आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे.